हजेरीपटावरचें वय

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणें वापरली जाते, कीं ती केव्हांतरी कोणींतरी जुळविलेली आहे याची आठवणही आपणांस राहत नाहीं. सूर्य पूर्वेस उगवतो असें म्हणावें त्याच निश्चयानें आपण साठीच्या माणसाची बुद्धि गेली असें म्हणतों. आणि म्हणणारा स्वतः बहुधा पन्नाशीच्या अलीकडे असतो. म्हणीला यमक लागतें, सत्य लागतेंच असें नाहीं. 'साठी'ला 'नाठी' जुळली म्हणून बिचाऱ्या साठीवर हा शिक्का बसला. नव्वदीला असा जुळता शब्द सांपडता, तर कदाचित् आपल्या आजोबांस आणखी तीस वर्षें शहाणपणानें काढतां आलीं असतीं.

ही म्हण नुसती म्हणच राहिली असती, तर तिजकरितां लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु गेल्या दीडशें वर्षांत तिला नियमाचें, कायद्याचें आणि हजेरीपटाचें रूप प्राप्त झालें आहे. माणसाच्या अंगीं काम करण्याची ताकद किती आहे हें पाहण्याऐवजीं त्याच्या जन्मापासून किती वर्षें लोटलीं हें पाहण्याची रीति आपल्याकडे कशी रूढ झाली, तिनें काय दिलें व काय हिरावून घेतलें, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या कांठीं मांजरी हें गांव आहे. नदीच्या दोहों अंगांस मांजरी बुद्रुक व मांजरी खुर्द अशा त्याच्या दोन वस्त्या. खडकवासल्याच्या धरणाचें पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कालव्यानें या बाजूस खेळूं लागलें, आणि हडपसर-मांजरीच्या काळ्या रानांत उसाचे फड उभे राहिले. इंग्रजी अमदानींत सरकारच्या शेतकी खात्यानें येथें आपलें प्रयोगक्षेत्र काढून उसाच्या लागवडीचे प्रयोग केले. ऊस आला म्हणजे गुऱ्हाळ आलें, आणि गुऱ्हाळ आलें म्हणजे गुळव्या आला.

ज्यांनीं गुऱ्हाळ पाहिलें असेल, त्यांस गुळव्याचा मान ठाऊक असेल. चरकाशीं बैल हांकणारा पोऱ्या असो, चुलाणांत चिपाडें सारणारा असो, कीं रसाच्या घागरी आणून ओतणारा असो, हे सर्व त्याच्या इशाऱ्याकडे डोळे लावून असत. रस उकळूं लागला कीं भेंडीचा चीक किंवा चुन्याची निवळी घालून तो मळी वर आणी व ती काढून टाकी. पुढें पाक दाट होत चालला, कीं बुडबुड्यांचा आकार व रंग यांवर त्याची नजर खिळे. पाकाचा थेंब गार पाण्यांत टाकून तो बोटांनीं त्याची गोळी वळून पाही. क्षणभर आधीं काहील उतरली तर गूळ मऊ राहून चिघळावयाचा, क्षणभर उशीर झाला तर करपून काळा पडावयाचा. उष्णतामापक लावून पाहिलें तर ही वेळ सुमारें ११८ अंश सेल्सियसला येते. गुळव्याजवळ तसलें यंत्र नव्हतें, परंतु अनेक हंगामांची ओळख त्याच्या बोटांत होती. जड काहील उतरविण्यास तरणे गडी लागत. पण ती केव्हां उतरावयाची, हें सांगणारा बहुधा पिकल्या केसांचाच असे. त्याला त्याची जन्मतारीख विचारण्याची कल्पना कोणास सुचली नसती, आणि विचारली असती तरी ती त्याला सांगतां आली नसती.

गुऱ्हाळांत वृद्धास कामावरून काढीत नसत, त्याचें काम पालटून देत. शेतावरही तोच क्रम होता. नांगर मुलाच्या हातीं जाई. बाप बांधावर बसून पाण्याच्या पाळ्या पाही, बी निवडी, राखण करी. वतनदारीच्या समाजांत पाटीलकी, कुळकर्ण किंवा सुतारकी हीं कामें घराण्याचीं असल्यामुळें एक माणूस थकला म्हणजे त्याच घरांतील दुसरा हळूहळू पुढें येई. अमुक दिवशीं अमुक माणूस निरुपयोगी झाला, असें जाहीर करण्याचा प्रसंगच येत नसे. सरदारांचीही तीच रीत. मल्हारराव होळकर १६९३ सालीं जन्मले आणि १७६६ सालीं आलमपूर येथें छावणींत असतांनाच वारले. पानिपताच्या वेळीं त्यांचें वय अडुसष्टाच्या घरांत होतें.

पण या जुन्या व्यवस्थेचें कौतुक करतांना तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या घरीं जमीन होती, त्या घरच्या म्हाताऱ्यास बांध होता; ज्याला जमीन नव्हती, त्या मजुरास मरेपर्यंत खुरपें होतें. म्हातारपणीं काम करण्याचा हक्क असणें ही एक गोष्ट, आणि काम केल्यावांचून गत्यंतर नसणें ही अगदीं निराळी गोष्ट. या दोहोंतील भेद लक्षांत ठेवला नाहीं, तर या विषयावरील कोणताही विचार वाट चुकतो.

आतां कारखान्याकडे वळूं. हिंदुस्थानांत कामाच्या जागीं वयाची चौकशी प्रथम सुरू झाली ती म्हाताऱ्यांकरितां नव्हे, तर मुलांकरितां. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली. १८९१ सालीं ही मर्यादा नऊ वर्षांवर आली. वयाची वरची मर्यादा कोणासच सुचली नाहीं, कारण तिची गरज भासत नव्हती. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या गिरणीकामगारांनीं ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची सुटी होती, दुपारची विश्रांति होती, वेळेवर पगार होता, आणि कामावर जायबंदी होऊन कायमचा पंगु झालेल्याची सोय होती. वार्धक्याची मात्र नव्हती. याचें कारण उघड आहे. गिरणींतील माणूस थकला म्हणजे कोंकणांत किंवा घाटावर आपल्या गांवीं परत जाई व धाकटा भाऊ किंवा मुलगा त्याच्या जागीं मुंबईस येई. १९२९ ते १९३१ या काळांत व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं जो मजूर-आयोग बसला, ज्यांत आपले ना. म. जोशी हेही सभासद होते, त्यानें कामगाराचा गांवाशीं असलेला हा संबंध तोडूं नये, तो एक आधार आहे, असेंच मत दिलें. म्हणजे कारखान्यानें माणसाचें तारुण्य घ्यावें व वार्धक्य गांवानें पोसावें, अशी ती अलिखित वांटणी होती.

सरकारी कचेरींत मात्र निराळा प्रकार झाला. तेथें निवृत्तिवेतन होतें, आणि जेथें निवृत्तिवेतन आलें तेथें निवृत्तीचें वयही आलें. १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांत पंचावन्न ही मर्यादा घालण्यांत आली. कारकुनी नोकर कार्यक्षम असेल तर त्यास साठीपर्यंत ठेवण्याची मुभा होती. हा पंचावन्नाचा आंकडा कोणा वैद्यानें नाडी पाहून काढलेला नव्हता. जर्मनींत बिस्मार्कच्या वेळीं १८८९ च्या कायद्यानें सत्तरीस वार्धक्यवेतन देऊं केलें आणि १९१६ सालीं ती अट पांसष्टावर आणली. त्यांतही शरीरशास्त्रापेक्षां तिजोरीचा हिशेब अधिक होता. परंतु आंकडा एकदां छापला गेला, कीं तो निसर्गाचा नियम वाटूं लागतो. पंचावन्नाव्या वर्षीं कचेरींतून घरीं आलेला माणूस दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपण खरोखरीच म्हातारे झालों असें समजूं लागे, आणि शेजारीपाजारीही तसेंच समजत.

शिवाय, हा आंकडा ज्या जन्मतारखेवरून मोजावयाचा, ती तरी कितपत खरी? जन्ममृत्यूची नोंद सक्तीची करणारा देशव्यापी कायदा झाला तो १९६९ सालीं. त्यापूर्वीं, आणि खेड्यांत त्यानंतरही बरींच वर्षें, बाप मुलाला शाळेंत घेऊन येई, गुरुजी विचारीत, "जन्म केव्हांचा?" बाप सांगे, "थोरल्या पुराच्या आधल्या सालचा." गुरुजी मुलाच्या अंगाकडे एक नजर टाकीत आणि शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें म्हणून '१ जून' ही तारीख घालून मोकळे होत. महाराष्ट्रांत १ जून रोजीं जन्मलेल्यांची जी अफाट संख्या आहे, तिचें रहस्य हेंच. पुढें तोच मुलगा नोकरीस लागला, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेल्यानें आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीं निवृत्त व्हावें या नियमानें, दरसाल ३१ मे रोजीं आपल्या कचेऱ्यांतून व शाळांतून निरोपसमारंभांची एकच दाटी उडते. गुरुजींच्या टांकाच्या एका फटकाऱ्यानें कोणाचीं दोन वर्षें वाढलीं, कोणाचीं दोन घटलीं. ज्या वयाच्या आधारें माणसाची लायकी ठरवावयाची, तें वयच असें अदमासानें घातलेलें!

त्याच काळांतील दोन उदाहरणें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. १९०५ च्या फेब्रुवारींत विख्यात वैद्य सर विल्यम ऑस्लर यांनीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा निरोप घेतांना असें सांगितलें, कीं चाळिशीपुढील माणसें तुलनेनें निरुपयोगी असून साठीपुढील तर सर्वस्वीं निरुपयोगी होत. त्यावर वर्तमानपत्रांत मोठा गहजब झाला. हें बोलतांना ऑस्लर स्वतः पंचावन्न वर्षांचे होते, आणि त्यानंतर ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक होऊन १९१९ सालीं सत्तराव्या वर्षीं मृत्यु येईपर्यंत ते कामांत होते. इकडे पुण्यांत धोंडो केशव कर्वे १९१४ सालीं फर्ग्युसन महाविद्यालयांतून निवृत्त झाले तेव्हां ते छप्पन्न वर्षांचे होते. दोन वर्षांनीं, १९१६ सालीं, त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. सत्तरी उलटल्यावर ते जगप्रवासास निघाले. १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाकरितां मंडळ काढलें. १९४४ सालीं समता संघ काढला. १९६२ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें वय १०४ होतें. हजेरीपटानें ज्या दिवशीं त्यांस मोकळें केलें, त्या दिवशीं त्यांच्या आयुष्याचें जवळजवळ अर्धें शतक शिल्लक होतें!

अण्णासाहेब कर्वे असामान्य होते आणि असामान्यांवरून नियम काढूं नये, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तोच न्याय उलट बाजूसही लावावयास हवा. एखादा वृद्ध विसराळू निघाला, तर त्यावरून सर्व वृद्धांस विसराळू ठरवूं नये. तरुण कारकून कागद विसरला तर आपण त्यास निष्काळजी म्हणतों, आणि वृद्ध विसरला तर 'वय झालें' म्हणतों. एकाचा दोष त्याचा एकट्याचा असतो, दुसऱ्याचा दोष त्याच्या साऱ्या पिढीचा होतो.

स्वातंत्र्यानंतर आंकडे सरकत गेले. केंद्र सरकारच्या नोकरींत पंचावन्नाचे १९६२ सालीं अठ्ठावन्न झाले आणि १९९८ सालीं साठ झाले. ही वाढ होत असतां माणसाचा मेंदु कांहीं पालटला नव्हता. पालटली ती सोय. महाराष्ट्र राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन-नियमांत तर एक मौज आहे. अधिकारी व कारकून यांस अठ्ठावन्नाव्या वर्षीं घरीं पाठवावयाचें, पण चतुर्थ श्रेणींतील शिपायास साठाव्या वर्षीं! अंगमेहनत ज्याच्या वांट्यास अधिक, तो दोन वर्षें जास्त टिकतो आणि खुर्चींत बसणारा आधीं थकतो, असें यावरून समजावयाचें काय? उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बासष्टाव्या वर्षापर्यंत व सर्वोच्च न्यायालयाचे पांसष्टाव्या वर्षापर्यंत न्यायदान करतात. मंत्रिपदास तर वरची मर्यादाच नाहीं. मुंबई इलाख्यांत एके काळीं डेप्युटी कलेक्टर असलेले मोरारजी देसाई १९७७ सालीं पंतप्रधान झाले ते एक्यायशीव्या वर्षीं. सरकारी नोकरी त्यांनीं १९३० सालीं सोडली नसती, तर पंचावन्नाच्या नियमानें १९५१ सालींच त्यांची कारकीर्द आटोपली असती.

स्त्रियांच्या बाबतींत हा आंकडा अधिकच निर्दय झाला. राष्ट्रीय विमानसेवेंतील हवाईसुंदरींस पस्तिसाव्या वर्षीं, किंवा त्याआधीं पहिल्या गरोदरपणीं, निवृत्त करीत. त्याच विमानांतील पुरुष सेवकांस अठ्ठावन्न वर्षें मिळत. नर्गिस मिर्झा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं गरोदरपणाचा नियम रद्द केला, आणि पस्तिशीनंतरची मुदतवाढ एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणेंही अवैध ठरविलें. चहाचा पेला पुढें करण्याची शक्ति पुरुषास अठ्ठावन्नापर्यंत आणि स्त्रीस पस्तिशीपर्यंतच असते, असें कोणतें शरीरशास्त्र सांगतें? येथें 'वय' हा शब्द वापरला, पण मोजलें जात होतें तें रूप.

१९९० नंतर एक नवाच शब्द आपल्या कानीं पडूं लागला, तो म्हणजे 'स्वेच्छानिवृत्ति'. २०००-०१ सालीं सरकारी बँकांनीं ही योजना आणली तेव्हां पन्नाशी-साठी नव्हे, तर चाळीस वर्षें वय किंवा पंधरा वर्षें नोकरी एवढें पुरेसें होतें. सुमारें एक लाख माणसें तींतून बाहेर पडलीं. ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांत बँकेची नोकरी म्हणजे आयुष्याची निश्चिंती समजत, तेथें घरचा कर्ता पुरुष पंचेचाळिसाव्या वर्षीं दुपारीं घरीं दिसूं लागला. एकरकमी पैसा मिळाला हें खरें; परंतु संगणक आला, आतां जुन्यांस तो कसा येणार, हें वाक्य ज्यांनीं त्या काळीं ऐकलें त्यांचें मन त्या रकमेनें भरून निघालें नाहीं. शिकवून पाहण्याआधींच 'येणार नाहीं' असा निकाल देणें, ही या पूर्वग्रहाची खरी खूण होय. १९६९ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट बटलर या वैद्यानें या प्रवृत्तीस स्वतंत्र नांव दिलें. आपल्याकडे जातिभेद, लिंगभेद हे शब्द रुळले. वयभेद हा शब्द अजून कोशांत शिरावयाचा आहे.

आणि आतां पुन्हां मांजरी. साखरधंद्याच्या संशोधनाकरितां १९७५ सालीं स्थापन झालेली व पुढें वसंतदादा पाटलांचें नांव धारण केलेली संस्था येथें आहे. १९९७ सालीं द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्रही येथेंच निघालें. गुळव्याच्या बोटांतील ज्ञान असें प्रयोगशाळेंत आलें, हें चांगलेंच झालें. पण त्याबरोबर गांवही पालटलें. उसाच्या फडांच्या जागीं इमारती आल्या, आणि २०२१ च्या जूनअखेर मांजरी बुद्रुक पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. गिरणीकामगार म्हातारपणीं गांवीं परत जात असे. मांजरीच्या माणसानें कोठें परत जावें? त्याचें गांवच शहरांत गेलें. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याच्या २०१६ च्या अहवालांत खेड्यांतील वृद्ध पुरुषांपैकीं शेंकडा ६६ जण कांहींना कांहीं उद्योग करणारे दाखविले आहेत, तर शहरांतील शेंकडा ४६. वृद्ध स्त्रियांत हेच आंकडे २८ व ११ असे आहेत. शहराची वेस ओलांडतांच माणूस एकाएकीं दुबळा होतो असें नव्हे; बांध नाहींसा होतो आणि फाटक उभें राहतें.

त्या फाटकावर आपणांस अनेकदां साठीचा पहारेकरी बसलेला दिसतो. आंत चकचकीत कचेरींत चाळिशीच्या माणसास 'आतां नव्या गोष्टी याला जड जातील' म्हणून बाजूस सारतात, आणि बाहेर साठीच्या माणसास बारा तास उभें राहण्यास समर्थ समजतात. आंत संगणकापुढें बसलेली स्त्री पंचेचाळिसाव्या वर्षीं 'सीनिअर' म्हणून नकोशी होते, आणि त्याच कचेरीची फरशी पुसणारी पासष्टीची बाई 'मावशी' म्हणून हवीशी असते. 'काका', 'मावशी' या गोड हांकांत आपलेपणा आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. पण मान देऊन काम काढून घेणें, किंवा नात्यानें हांक मारून पगार कमी देणें, या दोन्ही गोष्टी त्या गोडव्याखालीं खपून जातात.

मग वयानें कांहींच उणें होत नाहीं काय? होतें. दृष्टि मंदावते, हाताची चपळाई कमी होते, नवी गोष्ट पाठ होण्यास वेळ लागतो. परंतु काम म्हणजे केवळ चपळाई नव्हे. १९८४ सालीं सॉल्टहाउस नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें एकोणीस ते बहात्तर वर्षें वयाच्या टंकलेखकांची परीक्षा घेतली. वयस्कांचीं बोटें प्रतिसादास हळू होतीं. तरीही त्यांचा टंकलेखनाचा वेग कमी भरला नाहीं, कारण त्यांची नजर मजकुरांत पुढचीं अधिक अक्षरें आधींच टिपीत होती. गुळव्याची हीच तर कला! २००७ सालीं जर्मनींतील डिंगोल्फिंग येथील मोटारींच्या कारखान्यांत सरासरी सत्तेचाळीस वर्षांच्या कामगारांची एक रांग मुद्दाम उभी करण्यांत आली. कामगारांनाच विचारून लांकडी जमीन, बसण्यास उंच-सखल करतां येणारीं आसनें, बारीक भागांकरितां भिंगें, असे सुमारें सत्तर लहान फेरफार केले. वर्षभरांत त्या रांगेचें उत्पादन शेंकडा सातांनीं वाढलें. माणसें तींच होतीं, फक्त त्यांच्या पायांखालची फरशी बदलली होती.

यावर कोणी म्हणेल, कीं वृद्धांनीं जागा अडविल्या तर तरुणांनीं कोठें जावें? आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. निवृत्ति ही कामगारानें मोठ्या कष्टानें मिळविलेली विश्रांति आहे, आणि तिच्यावर घाला घालावा असें आम्ही म्हणत नाहीं. १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा, १९७२ चा उपदानाचा कायदा, हीं त्या लढ्याचीं फळें आहेत. कोठेंतरी रेघ ओढावी लागते, हेंही खरें. आमचें म्हणणें एवढेंच, कीं रेघ ही सोयीची आहे हें विसरूं नये. तिच्या अलीकडच्या माणसास केवळ रेघ जवळ आली म्हणून शिकविणें सोडूं नये, आणि पलीकडच्यास मति गेलेला समजूं नये. ज्याला थांबावयाचें आहे त्याला पोटाची भ्रांत न पडतां थांबतां यावें. ज्याला करावयाचें आहे त्याचें काम पाहून त्याला काम मिळावें. आज आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडतें. ज्याला विश्रांति हवी तो फाटकावर उभा असतो, आणि ज्याच्या हातीं विद्या आहे तो घरीं वर्तमानपत्र चाळीत बसलेला असतो.

येत्या ३१ मे रोजीं पुन्हां ठिकठिकाणीं शाली व श्रीफळें दिलीं जातील, भाषणें होतील, आणि निरोप घेणारा माणूस सभ्यपणें हंसून हार स्वीकारील. त्या वेळीं वाचकांनीं त्याच्या हाताकडे एकदां पाहावें आणि मनाशीं विचारावें, कीं हा हात खरोखर थकला आहे, कीं चार-पांच दशकांपूर्वीं एका गुरुजींनीं घाईघाईनें लिहिलेली तारीख आज भरली आहे?